डोक्यावर फिरणारं बोट

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हती. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली होती, आणि आमच्याकडे आज कोणती भाजी आहे हे शेजाऱ्यांना न विचारता कळायचं. बाबांना कमी ऐकू येई म्हणून माय मोठ्याने बोले, आणि माय मोठ्याने बोलते म्हणून आम्ही दोघे भाऊ त्याहून मोठ्याने. पुढे फौजेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बराकीतल्या एका पंजाबी पोराने मला विचारलं, "यार, तू हर वक्त लड़ता क्यों रहता है?" मी त्याला मीठ मागत होतो.

बाबांचे कान लूमने खाल्ले होते. मलकापूरकडचं आमचं गाव सोडून ते तरुणपणी सुरतेला आले आणि कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या एका खात्यात कापड विणायला लागले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. लांबलचक शेड, वर पत्रे, खाली लूमच्या रांगा, आणि प्रत्येक लूममध्ये धोटा इकडून तिकडे आपटत असतो. आत पाऊल टाकलं की आवाज कानात शिरत नाही, छातीवर येऊन बसतो. तिथे कितीही ओरडा, शेजारी उभ्या माणसालाही ऐकू जात नाही. म्हणून खात्यातली माणसं हातांनी बोलतात.

ती बोली आम्ही शाळेच्या आधी शिकलो. दोन बोटं कात्रीसारखी मिटली म्हणजे तार तुटली, ताण्याचा उभा धागा. मूठ उघडून रिकामा हात दाखवला म्हणजे कांडी संपली, बाण्याचा आडवा धागा भरा. तळहात आडवा धरून हवेत सरळ पुढे सरकवला म्हणजे सगळं चालू आहे, चिंता नको. गाल फुगवले म्हणजे शेठ आला. शेठ खरं तर सडपातळ होता, पण गाल फुगवल्याशिवाय शेठ कसा वाटणार? प्रत्येक माणसालाही एक खूण असे. कुणाचा कान ओढून दाखवायचा, कुणाचं लंगडणं. बाबांची खूण होती कपाळाला हात, कारण ते रोज लूम सुरू करण्याआधी तिला नमस्कार करायचे.

घरात बाबा म्हणजे गोष्ट अर्धी ऐकून हसणारा माणूस. पाहुणे आले की कोपऱ्यात बसायचे आणि सगळ्यांनी हसून झाल्यावर हसायचे. पण खात्यात त्यांच्याइतका बोलका माणूस नव्हता. तीन रांगा पलीकडच्या माणसाशी ते हातांनी गप्पा मारत, त्याची थट्टा करत, त्याच्या सासऱ्याची नक्कल करत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे आपले बाबा नाहीतच. असे बाबा घरी का येत नाहीत, याचं मला वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं.

खात्यात एक रिवाज होता. गावी जायचं असेल किंवा आजारी पडलात, तर आपल्या लूमवर आपलाच माणूस बदली द्यायचा. नाही दिला तर सकाळी सातला पाळी बदलताना दारात जे बिनकामाचे लोक उभे असत, त्यांच्यातला एक आत जाई. तो एकदा आत गेला की लूम त्याच्या झाल्या. म्हणून प्रत्येक घरात एक बदली तयार ठेवलेला असे. दहावीनंतर आमच्या घरातला बदली मी होतो. कॉलेजला नाव होतं, बारावी पासही झालो, पण वर्षाचे कितीतरी आठवडे मी बाबांच्या लूमवर असायचो.

पहिल्या दिवशी दारातच बाबांनी मला थांबवलं. खिशातून डबी काढली, तिच्यात खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे दोन बोळे होते. ते त्यांनी स्वतःच्या बोटांनी माझ्या कानात बसवले.

"काढशीन तं खबरदार," ते म्हणाले.

"बाबा, सगळे हसतील."

"हसू दे. ऐकू येनारच नाई तुले."

आणि स्वतःच खदखदून हसले. त्यांच्या स्वतःच्या कानात कापूस नव्हता. आता काय उपयोग, असं म्हणत.

फौजेत मी शिपाई म्हणून भरती झालो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच उजाडत होतं. पळालो, छाती फुगवली, निवडलो गेलो. घरी पेढे वाटले. आणि ज्या दिवशी मी गाडीत बसलो, त्या दिवशी घरातला बदली माणूस बदलला. आता तो माझा धाकटा भाऊ होता. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. लक्षात आलं होतं. स्टेशनवर तो माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होता आणि मी त्याच्या कानांकडे बघत होतो. "कापूस घालत जा," एवढंच बोललो. तो त्याच्या अर्ध्या गुजरातीत म्हणाला, "हां रे, तू जा ने हवे, गाडी सुटेल."

पलटणीबरोबर मी उंच पहाडात गेलो. आमच्या चौकीखाली एक सपाट तुकडा होता, तिथे हेलिकॉप्टर उतरायचं. रसद आणायचं, आजारी माणूस न्यायचं. बर्फ साफ करणं आणि हेलिकॉप्टरला हातांनी इशारे देऊन खाली घेणं हे आमच्या हवालदार उस्तादांचं काम. त्यांना मदतीला माणूस हवा होता. त्यांनी मला इशारे शिकवले. दोन्ही हात वर म्हणजे इकडे ये, आडवे पसरले म्हणजे थांब, जागच्या जागी रहा, बोट डोक्यावर गोल फिरवलं म्हणजे पंखा सुरू कर. उस्तादांनी एकदा दाखवलं आणि मी लगेच सगळं करून दाखवलं. ते बघतच राहिले.

"पहले कहाँ सीखा?"

"घर में, उस्ताद."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय, आणि त्यांनी मला दोन फेऱ्या पळवलं.

पण खरंच, त्या बर्फात, त्या पंख्याच्या घरघरीत, मला पहिल्यांदा फौजेत घरी असल्यासारखं वाटलं. बाकीची पोरं हेलिकॉप्टर आलं की कान दाबून पाठ फिरवायची. मी समोर उभा राहायचो. काचेमागचा वैमानिक माझे हात वाचतोय आणि तसंच करतोय, हे पाहून अंगावर काटा यायचा. एकदा निघताना त्या वैमानिक साहेबांनी आतून मला अंगठा दाखवला. त्या रात्री मी उस्तादांना विचारलं, "तिकडे आत बसायला काय लागतं?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. उस्ताद म्हणाले, "पहले अफसर बन. बारहवीं पास है ना? तो यहाँ झाड़ू क्यों मार रहा है?"

जवानांमधून अधिकारी घडवण्याचं एक कॉलेज देहरादूनला आहे. त्याची परीक्षा असते, मग मुलाखती, मग काही वर्षं पुन्हा शाळेतल्या पोरासारखा अभ्यास. उस्तादांनी माझी रात्रीची ड्यूटी स्वतःच्या अंगावर घेऊन मला वाचायला बसवलं. इंग्रजीत मी दोनदा रडलो. पण झालो. खांद्यावर दोन तारे लागले त्या दिवशी माय-बाबा देहरादूनला आले होते. बाबांनी ताऱ्यावर अंगठा घासून पाहिला, सुताचा पोत बघतात तसा.

पुढे एकदा एका तळावर उस्ताद भेटले. मी त्यांच्या पाया पडायला वाकणार तोच त्यांनी कडक सलाम ठोकला आणि माझा हात अर्ध्यातच थांबला. ते हसून म्हणाले, "अब झुकना मना है, साहब." त्यांनी सलाम केल्याचा त्यांना किती आनंद होता ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र त्या दिवशी मेसमध्ये जेवण गेलं नाही. ज्यांच्या खांद्यावर पाय देऊन मी वर चढलो ती माणसं माझ्या खालीच राहिली, हे वरून फार स्वच्छ दिसतं.

अधिकारी म्हणून दोन वर्षं झाली आणि मी हेलिकॉप्टरसाठी नाव दिलं. सगळं झालं, राहिली ती वैमानिकाची तपासणी. डोळे ठीक, पाठ ठीक, काळीज ठीक. मग कान.

एका छोट्या खोलीत मला बसवलं. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी, दार बंद झालं की बाहेरचं काहीच नाही. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. इतकंच. मी बसलो आणि पहिल्यांदा आयुष्यात पूर्ण शांतता काय असते ते मला कळलं. आणि त्या शांततेत मला लूम ऐकू येऊ लागली. दूर, बारीक, एका सुरात, जणू कडोदऱ्याचं खातं भिंतीपलीकडेच आहे. मला वाटलं, हाच तो आवाज. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिलो.

दार उघडून डॉक्टर साहेब आत आले. ते रागावले नाहीत. "तुम्ही आवाज नसताना बटण दाबताय," ते म्हणाले. "कानात काही वाजतं का?"

मी खरं सांगितलं. खात्याचं, कापसाचं, सगळं. त्यांनी मान हलवली. असं वाजणं असू शकतं, म्हणाले, पण अशा बटणांवरून कान चांगले की वाईट ते सांगता येत नाही. महिनाभर आवाजापासून लांब रहा, गोळीबाराच्या मैदानावर जाऊ नका, यंत्रांजवळ जाऊ नका, मग परत या. आणि दारात थांबून म्हणाले, "परत एकदाच मिळेल."

मी रजा टाकली आणि घरी गेलो. आवाजापासून लांब राहायला मी सुरतेला गेलो! हे मी आता लिहितानाही मला हसू येतं. पण दुसरीकडे कुठे जाणार होतो? आणि घरी पोहोचलो तर बाबा मलेरियाने अंथरुणाला खिळलेले. भाऊ त्यांच्या लूमवर बदली उभा होता. त्याच्या स्वतःच्या लूम त्याच खात्यात, पण रात्रपाळीला. म्हणजे दिवसा बाबांच्या, रात्री त्याच्या. दिवसाचा आराम म्हणून पाळी बदलताना दाराजवळ पोत्यावर पडायचा, तेवढाच.

कानांच्या तपासणीचं मी घरी सांगितलं होतं, आणि म्हणूनच मला हे कुणी सांगितलं नाही. त्याचे डोळे बघून मी विचारलं, तेव्हा मायने सांगितलं. आणि जे सांगितलं नाही ते मला दिसत होतं. घरात आणखी एक बदली होता. धडधाकट, काम येणारा, रजेवर आलेला. मी.

रात्रभर झोप लागली नाही असं म्हणत नाही, झोप लागली, आणि त्याचीच मला सकाळी लाज वाटली. मी उठलो, जुनी पँट आणि बनियन घातलं, आणि बाबांच्या उशाखालची कापसाची डबी घेतली. बाबा तापात होते, पण डोळे उघडे होते. मायने माझ्याकडे पाहिलं, चहा पुढे ठेवला. थांबवलं नाही. तिला दोन मुलगे होते, एकटा मी नव्हे.

सातच्या सुमाराला मी खात्याच्या दारात पोहोचलो. बाहेर ते बिनकामाचे लोक उभे होतेच. मी कानात बोळे घातले आणि उंबऱ्यावर उभा राहिलो. आवाज छातीवर येऊन बसला. भाऊ आत, रात्रपाळी संपवून बाबांच्या लूमवर जायला निघालेला. त्याने मला पाहिलं.

मी खूण केली: तू घरी जा, मी आलो.

त्याने मान हलवली. मी पाऊल आत टाकलं. तो लूमच्या मधल्या वाटेत माझ्या आणि बाबांच्या लूमच्या मध्ये येऊन उभा राहिला, आणि दोन्ही हात आडवे पसरले. थांब, जागच्या जागी. ती उस्तादांची खूण होती, खात्याची नव्हती. आधीच्या एका रजेत मी त्याला दाखवल्या होत्या त्या, आठवणीने ठेवल्या होत्या लेकाने. मग त्याने स्वतःच्या कानाला हात लावला, माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तेच बोट डोक्यावर नेऊन गोल गोल फिरवलं.

खात्यातल्या लोकांना फार समजावावं लागत नाही. बाजूच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कारागिराने ते पाहिलं आणि त्यानेही बोट डोक्यावर फिरवलं. त्याच्या पलीकडच्याने गाल फुगवले, मग बोट फिरवलं. म्हणजे शेठ हेलिकॉप्टरवाला आला. मग रांगेच्या रांगेत बोटं फिरायला लागली, कुणी दोन्ही हातांनी, कुणी एका हाताने तार जोडत. सगळे हसत होते आणि त्यातलं एकही हसणं ऐकू येत नव्हतं. भाऊ मात्र हसत नव्हता. तो दुसऱ्या हाताने दाराकडे दाखवत होता. जा.

मी गेलो. आज इतक्या वर्षांनी लिहितोय, तर सरळ लिहावं. मी तिथे आणखी थोडा वेळ थांबलो असतो, त्याला बाजूला सारलं असतं, तर तो लहान, मी मोठा, त्याला ऐकावं लागलं असतं. मी तसं केलं नाही. मला आत बसायचं होतं, त्या काचेमागे. त्याने दार दाखवलं आणि माझे पाय त्या दाराकडे फार सहज वळले.

दुपारी भाऊ जेवायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझे कान काय दगडाचे आहेत?"

"माझे कान कशाला पाहिजेत कुणाला?" तो भाकरी मोडत म्हणाला. "मला कुठे हेडफोन लावून बसायचंय? तू नापास होऊन परत आलास ना, तर मग मी तुझ्याशी बोलणार नाही. मोठा साहेब झालास तरी."

"तू बोललास तरी ऐकू येणार नाही मला."

"हां, ते बी खरं."

त्या आठवड्यात त्या भागातला वीज बंदचा दिवस आला. आठवड्यातून एकदा तिकडची सगळी खाती बंद राहत, आणि मग आमच्या गल्लीत अशी शांतता पसरे की कावळ्याच्या पायांचा पत्र्यावरचा आवाजही ऐकू यावा. त्या दिवशी भाऊ झोपला नाही. त्याने मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि मनगटावरचं घड्याळ काढलं.

"टिकटिक ऐकू आली की हात वर कर."

मी हात वर केला.

"घड्याळ खिशात आहे," तो म्हणाला.

पुन्हा वर केला.

"मायच्या हातात आहे. ती बाहेर गेली."

ती लूम कानात वाजतच होती आणि मला तिच्यातून काही वेगळं काढता येईना. तेवढ्यात अंथरुणावरून बाबांचा आवाज आला. ताप उतरला होता, आवाज खोल गेला होता. बाबांना अर्थातच आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते आमचे हात बघत होते.

"काऊन रे, खात्यात तार तुटली तं कशी समजे तुले?"

"समजायची, बाबा," मी मान हलवून म्हटलं.

"कशी पन?"

मी विचार केला. खात्याचा आवाज चालूच असतो, तो कधी थांबत नाही. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्यात काहीतरी नवं आलं की मान आपोआप वळते. मी तसं त्यांना हातांनी सांगितलं, कारण ओरडायला नको वाटलं.

"मंग तेच कर," बाबा म्हणाले. "जुना आवाज चालू दे. तो आपला हाये. नवा आला की हात वर कर."

मी डोळे मिटले. कानातल्या लूमशी भांडणं सोडून दिलं. ती चालू राहिली, भिंतीसारखी, आणि बऱ्याच वेळाने त्या भिंतीवर काहीतरी अगदी बारीक टोचलं. मी हात वर केला. मी वळून पाहिलं तर घड्याळ त्याच्या हातात होतं आणि तो तळहात आडवा धरून हवेत सरळ पुढे सरकवत होता.

मी पास झालो. डॉक्टर साहेबांनी या वेळेस तपासणी पुन्हा पुन्हा घेतली, मला चकवण्यासाठी मध्येच बराच वेळ काहीच वाजवलं नाही. मी बटण दाबलं नाही. डाव्या कानात वरच्या पट्टीत थोडं कमी आहे, म्हणाले, पण हद्दीच्या आत आहे. कापसाचे बोळे आणि खोबरेल तेल. माझे कान बाबांच्या बोटांनी वाचवलेले आहेत.

मग नाशिकच्या बाजूला शिक्षण. हेलिकॉप्टर चालवणं म्हणजे दोन हात, दोन पाय आणि डोकं यांना पाच वेगळी कामं एकाच वेळी देणं. जमिनीपासून थोडं वर ते एका जागी स्थिर धरायचं, हे पहिले कित्येक दिवस मला जमेना. माझ्याबरोबरची पोरं थेट कॉलेजातून आलेली, इंग्रजी फाडफाड. माझ्या पाठीमागे कुणी तरी म्हणालं होतं, हा तर रँक्समधून, जवानांतून आलाय. मी ते ऐकलं. ऐकायला येतं मला. पण माझे हात एकदा जे शिकतात ते सोडत नाहीत. ज्या दिवशी ते यंत्र माझ्या हाताखाली हवेत शांत उभं राहिलं, त्या दिवशी शिक्षक साहेबांनी स्वतःचे हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवले. त्याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

छातीवर वैमानिकाचे पंख लागायचे त्या दिवशी माय, बाबा आणि भाऊ सापुताऱ्याच्या घाटातून बसने आले. मायने नवी साडी नेसली होती, बाबांनी इस्त्रीचा पायजमा. बाबा आणि भाऊ दोघंही लूम सोडून आले होते? मी घाबरून विचारलं. भावाने सांगितलं, त्या बाजूच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कारागिराने आपल्या मुलाला दोघांच्याही लूमवर उभं केलंय, शेठला सांगून, लूम आमच्याच राहतील या बोलीवर. खात्यात असं कुणी करत नाही. "ते म्हणाले, हेलिकॉप्टरवाल्याचं काम आहे," भाऊ म्हणाला.

पंख लावून झाले, फोटो झाले, आणि मग आम्ही नवे वैमानिक आपापल्या चेतक हेलिकॉप्टरकडे गेलो. कुटुंबं दोरीपलीकडे उभी होती. मी बसलो, पट्टे बांधले. समोर जमिनीवर एक जवान उभा होता, माझ्याहून किती तरी लहान. त्याने बोट डोक्यावर नेलं आणि गोल फिरवायला सुरुवात केली. पंखा सुरू कर. मला उस्ताद दिसले, आणि रांगेच्या रांगेत फिरणारी ती सगळी बोटं.

पंखा फिरायला लागला. धूळ उडाली, आवाज चढला, आणि दोरीपलीकडची माणसं कान झाकून गप्प झाली. कर्नल साहेबांची बायको, शहरातली शिकलेली आई-वडील मंडळी, सगळी. एवढ्या आवाजात कोण काय बोलणार?

आमच्या घरचे बोलत होते.

बाबा पुढे आले होते, दोरीला पोट टेकवून. डोळे चमकत होते. हे तेच बाबा होते, खात्यातले, जे घरी कधी येत नसत. ते मोठ्या हातवाऱ्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला काहीतरी सांगत होते, माझ्याकडे दाखवून, छातीवर हात मारून, आणि तो बिचारा मान डोलावत होता. मग ते माझ्याकडे वळले. काचेपलीकडून, पंख्याच्या खालून, मला त्यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ समजला. दोन बोटं कात्रीसारखी मिटली आणि कानाला लावली. कुठे तुटलंय का?

मी हेल्मेटवर हात ठेवून नाही म्हटलं.

त्यांच्या मागे भाऊ उभा होता. त्याने कान झाकले नव्हते, आणि त्यांत कापूसही नव्हता. आज त्याच्या दोन्ही कानांत ऐकायचं मशीन आहे आणि तो मला म्हणतो, साहेब, जरा जोरात बोला, तुम्ही लोक फार हळू बोलता. तेव्हा मशीन नव्हतं, पण मी ते तेव्हाच पाहत होतो असं मला वाटतं. मी त्याच्याकडे बोट केलं आणि तेच विचारलं, दोन बोटं मिटून, कानाला लावून. तुझं?

त्याने तळहात आडवा धरला आणि हवेत सरळ, लांब, पुढे सरकवला. बाबांनी मागे वळून त्याला पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला, जोरात, मी दुरून पाहिलं की तो थोडा हलला. मग दोघांनी मिळून, एकाच वेळी, बोटं डोक्यावर नेली आणि फिरवायला लागले.

समोरच्या जवानाने वर उचलायचा इशारा दिला. मी उचललं.